घशात उतरलेला थेंब

सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला आई डोळ्यांत औषध घालायची. देवापुढे दिवा लावून झाला की भिंतीला पाठ टेकून बसायची, हनुवटी वर करायची, बाटली उलटी धरायची. थेंब पडला की डोळे मिटून एकदा गिळायची आणि थांबायची. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "लागलं का कडू?"

"लागलं."

मग मी कॅलेंडरवर बरोबरची खूण करायचे. जवळजवळ दीड वर्ष आमच्या कोपर स्टेशनजवळच्या घरात हे असं चाललं. त्या सगळ्या खुणा चुकीच्या होत्या, आणि त्या माझ्यामुळे चुकीच्या होत्या. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईच्या माहेरी नाही, वडिलांच्या गावी नाही, माझ्याआधी कोणीच नाही. हे सांगताना मी कधी लाजले नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि आता ठाण्याला औषधांच्या एका कंपनीत गोळ्या तपासण्याच्या विभागात नोकरी. पदवीचा कागद आईने फ्रेम करून दाराच्या समोर लावलाय. लाइट मीटर बघायला आलेल्या माणसालाही ती सांगते, "ती फ्रेम आहे ना, ती हिची."

तो कागद तिच्या डोळ्यांवर मिळालेला आहे, हे मात्र ती सांगत नाही. आई मंगळसूत्रं ओवते. डोंबिवलीत एका सराफाच्या दुकानात काउंटरच्या टोकाला तिची बसायची जागा आहे. पितळी ताटात पांढरं फडकं पसरलेलं, त्यावर काळे मणी, सोन्याचे मणी, दोन वाट्या, सुई, मेण लावलेला दोरा. मंगळसूत्र तुटलेली बाई ते ठेवून घरी जात नाही. गळा मोकळा ठेवायचा नाही म्हणून तेवढ्यापुरता हळदीचा दोरा बांधते आणि आईच्या समोर स्टुलावर बसून राहते. वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर आई पुन्हा दुकानात बसली तेव्हा दोघी-तिघींनी नाकं मुरडली. विधवेच्या हातचं मंगळसूत्र कसं घालायचं? सराफकाका त्यांना म्हणाले होते, "वहिनी, गाठ सुटणार नाही एवढं बघा. मारली कोणी ते कशाला बघता?" तेव्हापासून कोणी काही बोललं नाही. आईची गाठ खरंच सुटत नाही.

मग एक दिवस एका बाईची वाटी हरवली.

आईनेच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. ती बाई समोर बसलेली, आईने ओवता ओवता दुसरी वाटी घ्यायला हात नेला तर वाटी नाही. मांडीवर पाहिलं, पदर झटकला, फडकं उचललं. बाईचा आवाज चढला. "आत्ता तर तुमच्या ताटात ठेवली मी! दोन्ही ठेवल्या!" दुकानातली माणसं बघायला लागली. सराफकाका उठून आले आणि ताटाच्या डाव्या कडेची वाटी उचलून त्यांनी आईच्या हातावर ठेवली. "मावशी, समोर तर आहे."

आई त्या दिवशी जेवली नाही. "समोर होती गं बाय," ती म्हणत राहिली. "समोर होती आणि मला दिसली नाही. मी चोर ठरले असते."

दुसऱ्याच आठवड्यात मी तिला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पन्नाशीच्या बाई, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, मशीनवर दोन्ही डोळ्यांची नजर किती पसरलेली आहे ते काढलं, आणि कागद माझ्यासमोर ठेवला. डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा होता. उजव्याचा वरचा एक कोपरा काळा.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या.

"मग काढून टाका," आई म्हणाली. "आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा काढला. आठ दिवसांत भाजी निवडायला बसल्या."

"तो मोतीबिंदू, मावशी. हा काढता येत नाही. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. गेलेली नजर परत येणार नाही. उजव्यात राहिलीय ती राखायची."

उजवा डोळा राखायचा. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं काही महत्त्वाचं राहिलं नाही. आईला उजवा डोळा हवा होता तो मणी ओवायला, आणि मला तो हवा होता तिच्यासाठी, कारण ताट समोर नसलं की तिचे हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नाही.

डॉक्टरांनी दोन बाटल्या लिहून दिल्या. एक झोपताना, एक सकाळ-संध्याकाळ. कंपाउंडरने थेंब कसा घालायचा ते घाईघाईत दाखवलं आणि मी म्हटलं, "कळलं, कळलं." खरं तर मी त्याच्याकडे पाहतही नव्हते. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत होते. सकाळ-संध्याकाळच्या औषधाचं नाव माझ्या ओळखीचं होतं. त्याच घराण्यातलं एक रसायन आमच्या कंपनीत गोळीत जातं. हृदयाचे ठोके आवरतं, प्रेशर उतरवतं. त्याचं प्रमाण बरोबर आहे की नाही हे तपासून मी वर्षानुवर्षं सह्या केल्यात. मला वाटलं, वा, हे तर आपल्याच हाताखालचं.

घरी पहिल्या दिवशी आईने विचारलं, "पण थेंब आत गेला की बाहेर सांडला, मला कसं कळणार?"

साधा प्रश्न होता. मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नाही असं मी आईला कधी म्हटलेलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मपासून बँकेच्या कागदापर्यंत त्या घरात विचारायचं कोणाला, तर मला. डोळ्यातून नाकात, नाकातून घशात वाट असते एवढं मी शिकलेले. म्हणून म्हटलं, "थोड्या वेळाने घशात कडू लागेल बघ. कडू लागलं म्हणजे पोचलं."

आईला ते लगेच पटलं. तिच्या लहानपणी औषध म्हणजे काढेच, आणि जो काढा पिताना अंग शहारलं नाही तो तिच्या लेखी पाणीच. तिने थेंब घातला, गिळला, तोंड वाकडं केलं आणि समाधानाने म्हणाली, "पोचलं."

एखाद्या दिवशी कडू लागायचं नाही. मग ती दुसरा थेंब घालायची. कधी तिसरा. बाटली महिन्याच्या आधी संपायची आणि मी दुसरी आणायचे. नीट दिसत नाही म्हणून सांडत असेल, असं मी धरून चालले. थेंब घालणाऱ्या खालच्या काकूंनाही आईने ही खूण शिकवली. "माझ्या मुलीने सांगितलंय," असं म्हणून.

पहिल्या दोन-तीन तपासण्या चांगल्या झाल्या. डोळ्यातला दाब उतरला होता. डॉक्टर म्हणाल्या, "औषध काम करतंय." आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू औषध मीच बनवलंय. मीही ते पाहणं नाकारलं नाही.

त्याच काळात आई थकायला लागली. सकाळी उठताना खाटेच्या कडेला धरून थोडी बसायची. एकदा दुकानाच्या पायरीवर चक्कर आली. मी म्हटलं, वय झालं. प्रेशरची गोळी तिला कधीपासूनच होती, जेवणानंतर झोपताना घ्यायची. मी मशीन आणून मोजलं, प्रेशर कमी होतं. मला बरंच वाटलं. कमी म्हणजे चांगलं, असंच आम्ही धरून चाललेलो. डोळ्यातला दाब कमी, अंगातला कमी, सगळं कसं आटोक्यात.

दीड वर्षाने पुन्हा नजरेचा नकाशा काढला. त्या खोलीत एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसायचं, मध्ये बघायचं आणि कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर उभी होते. बटणाचा आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा, बराच वेळ यायचाच नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता दाबेल.

डॉक्टरांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. उजव्या डोळ्याचा काळा कोपरा मोठा झाला होता.

"दाब तर चांगला आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आईचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत राहिल्या. प्रेशर घेतलं. "मावशी, चक्कर येते?"

"सकाळची येते थोडी."

"प्रेशरची गोळी कधी घेता?"

"झोपताना."

"आणि थेंब कसा घालता? मला घालून दाखवा."

आईने पिशवीतून बाटली काढली. मान वर केली. थेंब घातला, गिळला, थांबली. मग मान हलवली आणि दुसरा थेंब घातला. पुन्हा गिळला.

"हां. आत्ता लागलं कडू," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कडू लागेपर्यंत घालता?"

"हो. कडू लागलं म्हणजे पोचलं."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी खुर्चीत बसून होते. आईने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. सरळ म्हणाली, "कोणी नाही. मीच आपलं ठरवलं. अडाणी माणूस मी."

माझी आई आयुष्यात स्वतःला अडाणी म्हणाली नव्हती. दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याची खैर नव्हती. आणि मी गप्प बसले.

डॉक्टरांनी मग कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला एक गोल काढला, त्याच्या मागे एक दांडी. "ही नस. हिला रक्त लागतं. डोळ्याच्या आत दाब असतो, रक्ताला त्या दाबाला ढकलून आत शिरावं लागतं. थेंबाने आतला दाब उतरला की रक्ताची वाट सोपी होते. थेंबाचं खरं काम हे. पण मागून रक्त ढकलणारा जोरच कमी पडला, तर?"

"आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं," आई म्हणाली.

"अगदी तसं. नळ उघडा, पाइप मोकळा, पण खालून जोर नाही. तुम्हाला जे कडू लागतं ना, ते औषध डोळ्यात राहिलेलं नसतं, मावशी. ते नाकातून खाली उतरून रक्तात चाललेलं असतं. हे औषध हृदयाला हळू करतं. त्यात झोपताना प्रेशरची गोळी. झोपेत प्रेशर सगळ्यांचंच उतरतं, तुमचं जास्त उतरत असणार. तेव्हा या नसेला रक्त कमी पोचत असेल."

मी विचारलं, "म्हणजे यामुळेच वाढलं?"

"शपथेवर नाही सांगणार. काहींची नस दाब नीट असूनही जाते, आणि का जाते ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही. काही थेंबांनी डोळ्यातलं रक्त थोडं जास्त वाहतं असं म्हणतात, पण त्यामुळे नजर वाचते असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. आपल्या हातात जे आहे ते नीट करायचं. ही बाटली बंद. दुसरी देते. तीही घशात उतरली तर कडूच लागेल. एकच थेंब, डोळा मिटायचा, आणि नाकाजवळ, इथे कोपऱ्यात बोटाने हलकं दाबून दोन-तीन मिनिटं बसायचं. वाट बंद. कडू नाही लागलं तर बरोबर. प्रेशरच्या डॉक्टरांना माझी चिठ्ठी द्या, गोळीची वेळ ते ठरवतील. स्वतः बदलू नका."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

हृदयाला हळू करणारं औषध. मला हे माहीत होतं. कंपनीत कोणी मला मध्येच उठवून विचारलं असतं तरी मी हे सांगितलं असतं. गोळीतलं रसायन काय करतं ते पाठ होतं, पण तेच थेंबातून आईच्या छातीपर्यंत जाऊ शकतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. घशात उतरलेलं औषध घशातच संपतं, असं शाळेत न गेलेल्या माणसाला वाटलं तर एक वेळ ठीक.

आम्ही जिना उतरून खाली आलो. रिक्षा शोधताना मी फाइल उघडली. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं की रुग्ण स्वतःच्या समजुतीने ठरल्यापेक्षा जास्त थेंब घालत होती. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती फाइल तिच्याच पिशवीत राहणार होती, पुढच्या प्रत्येक डॉक्टरसमोर उघडली जाणार होती, आणि ते वाक्य त्यात तिच्या नावाने राहणार होतं.

"तू इथे उभी राहा," मी म्हटलं.

"का गं? काय राहिलं?"

मी फाइल घेऊन वर गेले. बाहेर दोन माणसं बसली होती, त्यांना म्हटलं, एक मिनिट. आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "मॅडम, हे आईने ठरवलेलं नाही. कडू लागलं की पोचलं, असं मी तिला सांगितलं. पहिल्या दिवसापासून. मी बी.एस्सी. आहे, औषधाच्या कंपनीत काम करते. बाटलीवरचं नाव मला माहीत होतं." ते शेवटचं मी का सांगितलं कोण जाणे. पण सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं की थेंब घालण्याची पद्धत चुकीची सांगितली गेली होती. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मीही घालून बघायला हवं होतं. दीड वर्ष मी फक्त आकडा बघत होते."

खाली आई उसाच्या रसाच्या गाडीपाशी सावलीत उभी होती.

"काय करायला गेलेलीस?"

"चुकीचं लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं."

ती सगळं समजली. "गरज होती काय? त्या बाईंसमोर तुला कमीपणा कशाला? माझं काय, मला अडाणी म्हटलं तर मी काय झिजणार आहे?"

"तू झिजलीसच ना," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच झाला, रसवाला बघायला लागला. "दीड वर्ष मी तुला रोज विचारत होते, लागलं का, लागलं का."

आईने माझा दंड धरला आणि रिक्षाला हात केला. "बस आता. घरी जाऊन रड."

त्यानंतरचे सहा महिने अवघड गेले, पण वेगळ्या अर्थाने. प्रेशरच्या डॉक्टरांनी चोवीस तास दंडाला मशीन बांधून बघितलं आणि गोळी कमी करून सकाळची केली. चक्कर थांबली. थेंबाचं मात्र आईला जमेना. हात बसला नाही असं नाही, हात तिचा सुईचाच आहे. तिचा विश्वास बसेना. कडू लागलं नाही की ती अस्वस्थ व्हायची.

"काहीच लागलं नाही गं. पाणी घातल्यासारखं वाटतं."

"नाही लागलं म्हणजे बरोबर."

"आधी म्हणत होतीस लागलं म्हणजे बरोबर."

"आधी चुकत होते."

"आणि आता?"

आता बरोबर आहे हे सांगायला ना कडू चव होती ना कॅलेंडर. सहा महिन्यांनी त्या घुमटात पुन्हा हनुवटी टेकवली की कळणार, आणि तेव्हा कळून काही परत येणार नाही. मी तिला तसंच सांगितलं. मला माहीत नाही, असं म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं. तिने पदराला हात पुसले. मग बाटली उचलली.

दोन-तीन मिनिटं किती, हे ती घड्याळात बघू शकत नव्हती, डोळे मिटलेले असायचे. मोबाइलचा अलार्म तिला आवडला नाही. तिने स्वतःच वाट काढली. नाकाजवळ बोट दाबून मनातल्या मनात एक पदर ओवायची. काळा, काळा, काळा, सोन्याचा. तिच्या वेगाने एक पदर संपतो तेवढी मिनिटं होतात, हे मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. ओठ हलताना दिसायचे. खालच्या काकूंकडेही ती गेली आणि म्हणाली, "ते कडूचं विसरा. ते चुकीचं होतं." कोणी सांगितलं होतं, ते या वेळी बोलली नाही.

दुकानात तिने ताट जरा उजवीकडे सरकवून घेतलं. ग्राहकाने वाट्या द्यायच्या त्या ताटात नाही, तिच्या हातात, आणि तिने त्या लगेच दोऱ्यात घ्यायच्या. सराफकाकांनी हे काही न विचारता चालू केलं.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो. मी पुन्हा पडद्याबाहेर. बटणाचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. आधीपेक्षा जास्त येतोय की कमी, हे मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

डॉक्टरांनी तीन कागद शेजारी ठेवले. बराच वेळ बघत होत्या. "आहे तिथेच आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे वाढलं नाही?" आईने विचारलं.

"या सहा महिन्यांत नाही. पुढे बघत राहायचं."

"आणि थोडं काही परत आलं?"

"नाही, मावशी."

आईने मान हलवली. तिला हे माहीत होतं. तरी तिने विचारलं, आणि उत्तर ऐकताना तिचा हात पर्सच्या पट्ट्यावर जरा घट्ट झाला, ते मी पाहिलं.

डॉक्टरांनी थेंब घालून दाखवायला सांगितलं. एक थेंब, डोळा मिटला, बोट कोपऱ्यावर, ओठ हलायला लागले. एक पदर ओवून झाल्यावर तिने डोळे उघडले.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "आता हे कोणी शिकवलं म्हणणार?"

आईने या वेळी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत, हिने पाठ करून घेतलं. आधी हिनेच चुकीचं सांगितलेलं. मग हिनेच वर येऊन तुम्हाला खरं सांगितलं ना." दारासमोरच्या फ्रेमबद्दल ती लोकांना ज्या आवाजात सांगते, अगदी त्याच आवाजात ती हे बोलली. मला कुठे बघावं कळेना.

जिना उतरताना तिचा फोन वाजला. सराफकाका होते. एक बाई आलीय, मंगळसूत्र तुटलंय, हळदीचा दोरा बांधून बसलीय.

आईने उजवा डोळा माझ्या घड्याळाकडे वळवला. "बसवून ठेवा त्यांना," ती फोनमध्ये म्हणाली. "साडेचारपर्यंत येते."